वीस जणांची कंपनी दोनशेंची होते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रश्नकर्ती सहा वर्षांपूर्वी पस्तिसावी म्हणून रुजू झाली. आज तिथे २१० माणसं आहेत आणि ती टीम लीड आहे. पूर्वी सगळे एकत्र डबा खायचे, फाउंडर नावानिशी विचारपूस करायचे, रजा व्हॉट्सअ‍ॅपवर कळवली की झालं. आता रजेला पोर्टल, लॅपटॉपच्या चार्जरलाही अप्रूव्हल, आणि जुन्यांच्या तोंडी एकच वाक्य, ‘पूर्वीची कंपनी राहिली नाही.’ हे होणारच असतं की काहीतरी बिघडतंय? आणि माझ्या जागेवरून मी काय करू शकते?

उत्तर आधी सांगते. तुम्ही जे बदल मांडलेत त्यातले बहुतेक होणारच होते, आणि झाले नसते तर तुमची कंपनी आज जास्त वाईट अवस्थेत असती. पण त्या बदलांच्या गर्दीत एक गोष्ट बहुतेक कंपन्यांच्या हातून निसटते, ती म्हणजे आपल्याला इथे न्याय मिळेल हा विश्वास. डबे, वाढदिवसाचे केक, सहली या गोष्टी गेल्याचं दुःख माणसं बोलून दाखवतात. विश्वास गेल्याचं कुणी बोलत नाही, सरळ राजीनामा येतो. म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

मी १९९७ साली भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये टाइम ऑफिसला लागले. मस्टर, पगारपत्रक, पीएफची चलनं, गेटवरची नोंद सगळं माझ्याकडे. तेव्हा तिथे २३ माणसं होती. चौदा वर्षांनी कंपनी चाकणला गेली तेव्हा कंत्राटी कामगार धरून चारशेच्या वर होती. त्यानंतर बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी एचआर सांभाळलं आणि तिथे ४० पासून ६०० पर्यंतची वाढ पाहिली. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, उभा राहणारा ऑपरेटर आणि कोड लिहिणारी मुलगी यांचं रोजचं जगणं वेगळं, पगार वेगळे, तक्रार करायची भाषाही वेगळी. तरी कंपनी वाढताना दोघांना दुखतं ते एकाच जागी.

भोसरीच्या मालकांना सगळे ‘दादा’ म्हणायचे. गुरुवारची सुट्टी सोडली तर दादा रोज सकाळी पावणेसातला शॉपवर हजर. कुठला ग्राहक चिडलाय, कुठला लॉट परत आला, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, हे दुपारच्या डब्याला सगळ्यांना कळायचं. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की दादांच्या आई स्वतः शिरा वाढायच्या. रजेचा अर्ज असा कागद मी पहिली तीन वर्षं पाहिलाच नाही. ‘दादा, उद्या गावाला जातो’ एवढं म्हटलं की मी मस्टरवर खूण करायची.

त्या दिवसांबद्दल मला आजही माया आहे. पण ते इतकं सुरळीत का चालायचं, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. दादा फार थोर होते म्हणून ते चालायचं, असं आम्ही समजत होतो. दादा चांगलेच होते, पण खरं कारण साधं होतं. सगळ्यांना सगळं दिसत होतं. दादांनी एकाला दोन दिवस जास्त रजा दिली तर का दिली हे बाकीच्या बावीस जणांना माहीत असायचं, कारण त्याच्या बापाला ससूनला दाखल केलंय हे त्यांनीच दादांना सांगितलेलं असायचं. कारण माहीत असलं की कुणाच्या मनात किंतु येत नाही.

आता जरा गणित. बारा माणसांत दोघा-दोघांच्या जोड्या ६६ होतात. चाळिसांत ७८०. तुमच्या २१० माणसांत २१,९४५. एवढ्या नात्यांची खबर कुठलाही फाउंडर, कितीही मनमिळाऊ असला तरी, ठेवू शकत नाही. रॉबिन डनबार या ब्रिटिश अभ्यासकाने १९९० च्या दशकात माणसाला साधारण १५० जणांशीच खरी ओळख सांभाळता येते असं मांडलं. त्या आकड्यावर वाद आहेत, पण कारखान्यात वावरलेल्या माणसाला त्यातलं तथ्य जाणवतं. गोअर-टेक्सचं कापड बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचे संस्थापक बिल गोअर यांनी तर एका कारखान्यात दीड-दोनशेच्या वर माणसं होऊ द्यायची नाहीत असंच धोरण ठेवलं होतं. काम वाढलं की दुसरा कारखाना काढायचा. प्रत्येकाला ते परवडत नाही. पण तुम्ही २१० वर आहात आणि आत्ताच ही घालमेल सुरू झाली आहे, हा योगायोग नाही.

तरी नुसत्या आकड्यावर सगळं टाकू नका. आमच्याकडे पहिला तडा गेला तेव्हा आम्ही अवघे ३८ होतो. तडा गेला तो दुसरी पाळी सुरू झाली म्हणून.

पहिल्या पाळीत कुणाच्या हातून जॉब, म्हणजे मशीनवर चढवलेला तुकडा, बिघडला तर तो स्वतः दादांकडे जाऊन सांगायचा. दादा वैतागायचे, पण शेवटी म्हणायचे, ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ आणि खरंच त्याचं काही वाकडं व्हायचं नाही. दुसऱ्या पाळीला दादा घरी. तिथे नवा सुपरवायझर होता, आधीच्या कंपनीत रिजेक्शनचे पैसे पगारातून कापलेले पाहून आलेला. तीन महिन्यांनी चिप्सच्या, म्हणजे धातूच्या कीसाच्या, ट्रॉलीखाली बिघडलेले चाळीसेक तुकडे सापडले. ऑपरेटर घाबरून ते दडवत होते. दादांना फार लागलं. ‘माझ्या कंपनीत माणसं मला घाबरतात?’ असं ते पुन्हापुन्हा विचारत होते. माणसं दादांना घाबरत नव्हतीच. दुसऱ्या पाळीच्या माणसांनी दादा पाहिलेच नव्हते. चूक कबूल केली तर शिक्षा नाही, हा आमच्या कंपनीतला सगळ्यात मोलाचा नियम होता आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता, कुणाला सांगितलेला नव्हता. तो फक्त दादांच्या स्वभावात होता, आणि दादांबरोबर रोज सहा वाजता घरी जात होता.

तुमच्या कंपनीत दुसरी पाळी नसेल, पण दुसरा मजला असेल. किंवा नागपूरचं ऑफिस, किंवा घरून काम करणारी टीम. फाउंडरचा आवाज जिथे रोज कानावर पडत नाही तिथे आधी जाऊन बघा. कंपनी आतून कशी आहे ते तिथे दिसतं, मुख्य ऑफिसात दिसत नाही.

आता दुसरी हकीकत, कारण तुमच्या ‘रजेला पोर्टल’चं उत्तर तीत आहे.

दादा अडीनडीला उचल द्यायचे. लग्न, दवाखाना, शाळेची फी. खिशातून काढून द्यायचे आणि मला सांगायचे, ‘ताई, याचे पाचशे-पाचशे कापत जा.’ अर्ज नाही, सही नाही. वीस-पंचवीस जणांत यापेक्षा चांगली पद्धत असूच शकत नाही. कंपनी दीडशेच्या घरात गेली तेव्हाही तीच पद्धत होती. एके दिवशी वर्षभरापूर्वी लागलेल्या एका ऑपरेटरने बायकोच्या बाळंतपणासाठी उचल मागितली. त्याच्या सुपरवायझरने ती दादांपर्यंत पोचवलीच नाही. त्याच आठवड्यात एका जुन्या माणसाला घराच्या स्लॅबसाठी मोठी रक्कम मिळाली. जुन्यांतले निम्मे दादांच्याच तालुक्यातले. नव्यांनी दोन अधिक दोन केले. गाववाल्याला मिळतं, आपल्याला नाही. पुढच्या पाळीला अकरा जण आले नाहीत आणि गेटवर बिनसहीचं पत्र चिकटवलेलं सापडलं.

दादांच्या मनात भेदभाव नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पण बाहेरून बघणाऱ्याला फरक कसा कळावा? पंचवीस जणांत जी माया म्हणून दिसते, तीच गोष्ट दीडशे जणांत वशिला म्हणून दिसते. देणाऱ्याचा हात तोच, पैसे तेच. पण बघणाऱ्याला आता कारण माहीत नसतं.

मग आम्ही नियम केला. एक महिन्याच्या मूळ पगारापर्यंत उचल, सहा हप्त्यांत परतफेड, दवाखाना आणि बाळंतपण असेल तर कागद नंतर दिले तरी चालतील, आणि अर्जावर तीन दिवसांत हो किंवा नाही सांगायचंच. नाही म्हटलं तर कारण लिहून द्यायचं. महिन्याच्या शेवटी किती अर्ज आले आणि किती मंजूर झाले एवढे दोन आकडे, नावं न घालता, नोटीस बोर्डावर. दादा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. ‘माझ्या माणसाला मदत करायला मला फॉर्म भरायचा?’ त्यांचं दुःख खरं होतं. देण्याचं जे समाधान त्यांना मिळायचं ते त्या फॉर्मने काढून घेतलं होतं. पण त्या वर्षी पहिल्यांदा उचल मागणाऱ्यांत नव्या माणसांची संख्या जुन्यांच्या बरोबरीला आली. त्याआधी ती माणसं मागतच नव्हती, कारण दादांसमोर उभं राहून मागण्याइतकी त्यांची ओळखच नव्हती.

तुमचं रजेचं पोर्टल याच जातीचं आहे. पूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर रजा सहज मिळायची ती कुणाला? तुम्हाला, कारण फाउंडर तुम्हाला ओळखायचे. मागच्या महिन्यात लागलेल्या बुजऱ्या मुलाला ते पोर्टल म्हणजे आधार वाटतो, कारण तिथे त्याच्या खात्यावर किती रजा शिल्लक आहे हे लिहिलेलं असतं आणि ती मागताना कुणाची मर्जी बघावी लागत नाही. ‘पूर्वी बरं होतं’ असं कुणी म्हटलं की मी विचारते, कुणासाठी? हा प्रश्न मी जुन्यांना हिणवायला विचारत नाही. मीही जुनीच होते. पण उत्तर शोधताना डोळे उघडतात.

पोर्टलमध्ये माणुसकी राहणार नाही, ही तुमची भीती मात्र रास्त आहे. ती राहते की नाही हे नियम कसा लिहिलाय त्यावर ठरतं. आमच्या नियमातलं ‘कागद नंतर दिले तरी चालतील’ हे अर्धं वाक्य मी भांडून घालून घेतलं होतं. दवाखान्यात धावणाऱ्या माणसाकडे आधी कागद मागणारा नियम आणि नंतर मागणारा नियम, यांत कंपनीची सगळी वृत्ती दिसते.

आता मधल्या फळीकडे येते, कारण तुम्ही तिथे उभ्या आहात.

मधले लोक हवेतच कशाला, हा विचार मोठमोठ्यांच्या डोक्यात येऊन गेला आहे. गूगलने २००२ च्या सुमारास इंजिनिअरिंगमधले मॅनेजर काढून टाकून पाहिले होते. काही महिन्यांतच ते परत आणावे लागले, कारण खर्चाच्या बिलांपासून आपसातल्या भांडणांपर्यंत सगळं घेऊन माणसं थेट लॅरी पेज यांच्याकडे जाऊ लागली. पुढे त्याच कंपनीने चांगला मॅनेजर म्हणजे काय याचा रीतसर अभ्यास केला. मधली फळी लागतेच. दुखणं असं की ती आपण फार निष्काळजीपणे उभी करतो. उत्तम ऑपरेटर घेतो, सुपरवायझर करतो. एक चांगला ऑपरेटर गमावतो आणि एक गांगरलेला सुपरवायझर मिळवतो. सॉफ्टवेअरमध्येही तेच. सहा वर्षं उत्तम काम केलं म्हणून तुम्हाला टीम लीड केलं असणार. माणसाला वाईट बातमी कशी सांगायची, दोघांच्या भांडणात कुणाचं आधी ऐकायचं, अप्रेझलला ‘यंदा नाही’ हे कसं म्हणायचं, हे कुणी बसून शिकवलं का? बहुतेक नसेल.

कंपनी शंभराच्या पुढे गेली की नव्या माणसासाठी कंपनी म्हणजे त्याचा टीम लीड. फाउंडरच्या भाषणातले शब्द भिंतीवर असतात, पण त्याला दिसता तुम्ही. तुमच्या हाताखालच्या सात-आठ जणांना चूक कबूल करायची भीती वाटत नसेल, तर त्यांच्यापुरती ‘पूर्वीची कंपनी’ शिल्लक आहे. बाणेरला माझ्यासमोर एकाच मजल्यावर, एकाच फाउंडरच्या हाताखाली दोन टीम होत्या. एकीतून तीन वर्षांत एकच माणूस गेला, दुसरीतून दर दिवाळीनंतर दोन-तीन राजीनामे. पगार सारखे, कँटीन तेच, धोरणं तीच. फरक होता तो दोन लीडमधला. एक लीड ‘मला माहीत नाही, विचारून सांगते’ म्हणायची आणि खरंच सांगायची. दुसरा वरून आलेलं प्रत्येक काम ‘मॅनेजमेंटला हवंय’ म्हणून पुढे ढकलायचा. ‘मॅनेजमेंट’ हा शब्द तुमच्या तोंडी येऊ लागला की सावध व्हा. तुमच्या टीमसाठी मॅनेजमेंट तुम्हीच आहात, आणि निर्णय पटला नसेल तर तो वर जाऊन सांगायचं कामही तुमचंच आहे.

‘आपण एक कुटुंब आहोत’ या वाक्याबद्दल माझं मत कडक आहे. लहान कंपनीत ते प्रेमाने म्हटलं जातं, पण वाढत्या कंपनीने ते सोडून द्यावं. कुटुंबात तक्रार लेखी करता येत नाही. कुटुंबात मोठ्यांच्या चुकीवर पांघरूण घालायची सवय असते. कुटुंबातून कुणाला कमी करता येत नाही, आणि कंपनीला कधीतरी करावं लागतं. तेव्हा ज्याला काढलं त्याला नोकरी गेल्याच्या वर घरातून हाकलल्याचं दुःख होतं. मी असे दोन प्रसंग जवळून पाहिले आहेत आणि दोन्ही वेळा ते वाक्य वर्षानुवर्षं म्हणत आल्याचा पश्चात्ताप झाला.

कायद्यालाही हे कळलेलं आहे. त्याने आकड्यांच्या पायऱ्या घातल्या आहेत त्या उगाच नाहीत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा माणसं झाली की अंतर्गत समिती हवीच. विसांना भविष्य निर्वाह निधी लागू होतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नासांना पाळणाघराची सोय आली. औद्योगिक कायद्यात शंभर कामगारांवर मालक आणि कामगारांची संयुक्त समिती नेमायला सांगता येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत काही मर्यादा सरकल्या. स्थायी आदेशांची, म्हणजे कामाच्या अटी आणि शिस्तीच्या लेखी नियमांची, मर्यादा तर ३०० कामगारांवर गेली. पण पायऱ्यांमागची समज तीच आहे. दहावा माणूस आला की ओळखीच्या भरवशावर सगळं सोडता येत नाही. ‘आमच्याकडे असं काही होत नाही, समिती कशाला’ हे मी वीस-पंचवीस जणांच्या कितीतरी कंपन्यांत ऐकलं आहे. तक्रार करायला जागाच नसेल तर तक्रार येणार कशी? तुमच्या कंपनीत समिती असेलच. तिच्या सदस्यांची नावं तुमच्या टीममधल्या नव्या मुलीला माहीत आहेत का, एवढं उद्या विचारून बघा.

जुन्यांबद्दल लिहिताना मला जपून लिहावंसं वाटतं, कारण त्यांचं दुखणं खरं असतं आणि त्याला नाव चुकीचं दिलं जातं. ते म्हणतात ‘मजा गेली’. त्यामागे बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात. एक पैशांची. वाढत्या कंपनीला बाहेरून माणसं बाजारभावाने आणावी लागतात आणि जुन्यांचा पगार दरवर्षीच्या इन्क्रिमेंटने रांगत असतो. सहा वर्षांच्या माणसाला कधीतरी कळतं की काल आलेला आपल्यापेक्षा जास्त घेतो. हे लपत नाही. कंपनीने दरवर्षी जुन्यांचे पगार बाजाराशी ताडून बघायला हवेत, आणि सगळं एकदम भरून काढता येत नसेल तर किती वर्षांत काढणार हे तोंडावर सांगायला हवं. त्याऐवजी मोठ्या आवाजाचं पद देऊन वेळ मारून नेतात. ते सहा महिने पुरतं.

दुसरी गोष्ट कानाची. पूर्वी निर्णय होण्याआधी जुन्यांना विचारलं जायचं. आता निर्णय मेलवर कळतो. याला मानभंग म्हणतात आणि तो कुठल्याही बोनसने भरत नाही. यावर मला सापडलेला एकच इलाज सांगते. जुन्या माणसाला एखादी ठरावीक गोष्ट पूर्णपणे सोपवायची, जिथे त्याचा शब्द अखेरचा असेल. आमचा सगळ्यात जुना टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा, सुपरवायझर झाला नाही, त्याला व्हायचंही नव्हतं. नव्या ऑपरेटरला मशीनवर एकटं सोडायचं की नाही, हे तो ठरवायचा. दादासुद्धा त्यात बदल करत नसत. तो निवृत्त होईपर्यंत आमच्याकडे होता.

मात्र प्रत्येक जुन्याला धरून ठेवता येत नाही आणि ठेवू नये. काही माणसं वीस जणांच्या कंपनीतच फुलतात. ती पुन्हा अशीच छोटी कंपनी शोधून निघून जातात. त्यांना मानाने निरोप द्यावा.

कँटीनची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चाकणला गेल्यावर कायम कामगारांची आणि कंत्राटी कामगारांची जेवणाची वेळ वेगळी झाली. जागा कमी म्हणून, दुसरा हेतू नव्हता. गणवेशाचा रंग आधीच वेगळा होता. वर्षभरात एकाच लाइनवर शेजारी उभी राहणारी माणसं एकमेकांना नावाने ओळखेनाशी झाली. एकाचं मशीन गरम होतंय हे शेजारच्याला दिसायचं, पण ‘तो कंत्राटी आहे, त्याचं तो बघेल’. आम्ही वेळा पुन्हा एक केल्या, रांग लांबली, लोक कुरकुरले, तरी तशाच ठेवल्या. तुमच्याकडेही सुरक्षारक्षक, हाउसकीपिंगच्या मावशी, एजन्सीकडून आलेले टेस्टर असतील. कंपनी प्रौढ झाली की नाही हे मी त्यांच्याशी कोण कसं बोलतं त्यावरून ओळखते.

दिसणं बंद झालं की सांगणं सुरू करावं लागतं, आणि हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली तेव्हा मूठभर कुटुंबं होती, मालक आणि कामगार एकाच वस्तीत. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं, जे पुढे महाराष्ट्रभर वाचलं गेलेलं मासिक झालं. कंपनी एका माळरानात मावेनाशी झाली तेव्हा तिची बातमी कागदावर आली, असं मी ते वाचते.

आजच्या कंपन्या न्यूजलेटर काढतात, पण त्यात फक्त बक्षिसं आणि फोटो असतात. माणसांना हवं असतं ते वेगळंच: अमुक निर्णय का घेतला, कोणते पर्याय सोडले, काय फसलं. बाणेरला मी फाउंडरना दर महिन्याला एक पान लिहायला लावलं. एक अट होती, प्रत्येक पानात एक तरी वाईट बातमी हवी. पहिल्यांदा त्यांनी हातचा गेलेला ग्राहक आणि त्यातली स्वतःची चूक लिहिली, तेव्हा ऑफिसमध्ये तासभर काम झालं नाही, सगळे तेच बोलत होते. पण त्यानंतर वाईट बातम्या खालून वर येऊ लागल्या. त्याआधी वर फक्त चांगल्याच बातम्या जात होत्या, आणि फाउंडरना वाटत होतं सगळं ठीक आहे.

आता नियमांची दुसरी बाजू, म्हणजे तुमच्या चार्जरचं अप्रूव्हल. इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. लॅरी ग्राइनर या अभ्यासकाने १९७२ मध्ये कंपन्यांच्या वाढीचे टप्पे मांडले होते, त्यात समन्वयासाठी केलेल्या पद्धतीच पुढे लालफीत बनून कंपनीचा गळा धरतात असा एक टप्पा आहे. मी हे अनेकदा पाहिलं. प्रत्येक नियमाच्या मागे एक प्रसंग असतो, आणि पुष्कळदा एकच माणूस. कुणीतरी एकाने तीन चार्जर घरी नेले असतील, म्हणून २१० जण आता मॅनेजरच्या संमतीची वाट बघतात. त्या एकाला बोलावून विचारायचं धैर्य कुणाकडे नव्हतं, म्हणून नियम झाला. भोसरीला एकदा पाचशे रुपयांच्या कटिंग टूलसाठी तीन सह्या लागायच्या आणि मशीन अर्धी पाळी बंद राहायचं. बंद मशीनचा तासाचा खर्च काढून दादांसमोर ठेवला तेव्हा दोन सह्या त्याच दिवशी उडाल्या.

त्यानंतर दर एप्रिलमध्ये आम्ही नियमांची वही घेऊन बसायचो. प्रत्येक नियमापुढे तो कुठल्या प्रसंगामुळे आला ते लिहायचं. प्रसंग आठवत नसेल किंवा पुन्हा घडण्यासारखा नसेल तर नियम काढायचा. न्यायासाठी असलेले नियम, म्हणजे उचल, रजा, बढती, तक्रार, हे ठेवायचे आणि दरवर्षी थोडे उदार करायचे. संशयातून आलेले नियम काढायचे. एका वर्षी आम्ही एकोणीस काढले. कुठलंही आभाळ कोसळलं नाही.

तेव्हा तुम्ही काय कराल? फाउंडरकडे जाऊन ‘पूर्वीसारखं करा’ म्हणू नका, ते त्यांच्याही हातात नाही. चार्जरसारखे तीन-चार नियम निवडा, त्यात महिन्याला किती तास जातात ते मोजा, आणि तो आकडा घेऊन जा. तक्रार बाजूला ठेवली जाते, आकडा बाजूला ठेवणं अवघड जातं. तुमच्या स्वतःच्या टीममध्ये चूक सांगणाऱ्याचं काय होतं, हे पुढच्या वेळी कुणाच्या हातून प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ते चालू सॉफ्टवेअर, बंद पडेल तेव्हा सगळे बघणार आहेत. त्या दिवशी काय बोलायचं ते आजच ठरवून ठेवा. आणि मॅनेजरचं काम शिकवा असं कंपनीला लेखी मागा. मागितल्यावर नाही म्हणणाऱ्या कंपन्या मी थोड्या पाहिल्या. मागणारेच कमी असतात.

राहिला डबा. २१० माणसांचा एकत्र डबा आता होणार नाही, तेवढं टेबलही नाही. पण बाणेरला आम्ही नव्या माणसाला पहिले पंधरा दिवस रोज वेगळ्या टीमबरोबर जेवायला बसवायचो. सोमवारी टेस्टिंग, मंगळवारी अकाउंट्स, बुधवारी फाउंडर असतील तर फाउंडर. त्याला खर्च शून्य. फक्त कुणीतरी दर शुक्रवारी यादी करून ती सगळ्यांना पाठवावी लागते. चार वर्षं ती यादी मी केली. मी निघाले तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने ती स्वतःहून मागून घेतली.